माल्टाचं ऊन आणि सहा रोल

बेळगावच्या शहापुरात मी सव्वीस वर्षं लग्नाचे फोटो काढले. यशिका मॅट १२४जी कॅमेरा, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि एका लग्नाला फार तर पाच रोल. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं मिळून साठ. त्यात नवरीच्या मामाचा फोटो राहिला तर मामा दोन वर्षं बोलायचा नाही. हा हिशेब अंगात मुरलेला. त्यामुळे भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर नर्स असलेल्या लेकीनं सप्टेंबरअखेरची तिकिटं पाठवली तेव्हा मी कपाटातला पेंटॅक्स के १००० काढला, बॅटरी बदलली आणि सहा रोल मागवले. जावई फोनवर म्हणाला, "मामा, मोबाइल आहे की सगळ्यांकडे." आहे की. म्हणूनच गेल्या पाच वर्षांत आमच्या घरात एकही फोटो भिंतीवर लागलेला नाही.

फिल्मचा कॅमेरा घेऊन कुटुंबासोबत फिरायला जाणाऱ्याचं पहिलं काम मोजणीचं. सहा रोल, छत्तीसचा एक, म्हणजे दोनशे सोळा फोटो. दहा दिवसांत भागले तर दिवसाला एकवीस. पण दिवसांवर वाटणी केलीत तर फसाल, कारण पहिल्याच दिवशी समुद्र दिसतो आणि हात थांबत नाही. वाटणी माणसांवर करा. आम्ही सहा जण: मी, बायको, माझी थोरली आक्का, लेक, जावई आणि सात वर्षांची नात. निघायच्या आधी वहीत प्रत्येकाचं एक पान केलं आणि त्यावर हवे ते फोटो लिहिले. आक्का समुद्रात पाय घालताना. लेक ड्युटीवरून थकून आलेली, बूट काढताना. जावई गाडी चालवताना (माल्टात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे तो घरच्यासारखा हॉर्न वाजवतो). लग्नाच्या यादीत जसं "मामा, मामी, करवल्या" असायचं तसंच हे. यादीतलं सगळं मिळतं असं नाही, पण समोर आल्यावर हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो.

देखाव्यांना दहातला एकच फोटो द्या. देखाव्यांची कार्डं तिथल्या प्रत्येक दुकानाच्या दारात टांगलेली असतात आणि ती तुमच्यापेक्षा चांगली असतात. एक अपवाद सांगतो. गोझो बेटावर समुद्रात दगडाची मोठी कमान होती, तिला ॲझ्युअर विंडो म्हणत. ८ मार्च २०१७ ला वादळात ती कोसळली. आता तिथे नुसतं पाणी आहे. कुणाच्या तरी जुन्या अल्बममध्ये त्या कमानीसमोर बायको-पोरं उभी असतील. त्याला मात्र देखाव्यासाठी रोल खर्च केल्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

रोल कोणते घ्यावेत यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी चार कोडॅक गोल्ड २०० घेतले, एक पोर्ट्रा ४०० आणि एक इलफोर्ड एचपी५ हा काळा-पांढरा. गोल्ड उन्हात उबदार रंग देतो आणि खिशाला त्यातल्या त्यात परवडतो. पोर्ट्रा संध्याकाळच्या चेहऱ्यांना. कोडॅकच्याच एक्टार १०० रोलवरचं निळं पाणी बघून मोह होतो, पण तो आपल्या रंगाच्या कातडीला लालसर करतो. नवरीला एक्टारवर काढलं असतं तर सासरच्यांनी ताप आलाय का म्हणून विचारलं असतं.

विमानतळाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण फोटो न काढताच रोल खराब होतो तो इथे. चेक-इन बॅगेत रोल कधीही टाकायचे नाहीत, तिथली क्ष-किरणं फार जोरात असतात. हातातल्या सामानासाठी आता बऱ्याच विमानतळांवर नवी सीटी स्कॅनर यंत्रं आलीत, तीही रोलवर धुकं आणतात. म्हणून सगळे रोल खोक्यातून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवा, रांगेत पोचायच्या आधी ती हातात घ्या आणि हात लावून तपासायची विनंती करा. कॅमेऱ्यात रोल भरून प्रवास करू नका, नाहीतर कॅमेरा यंत्रात गेला की आतला रोलही गेला. मुंबईला जवानाला मी सांगितलं, "साहेब, फिल्म आहे, जुनी." त्यानं पिशवी उघडली. त्याच पिशवीत बायकोनं लेकीसाठी कुंद्याचा डबा कोंबला होता. रोल दोन मिनिटांत तपासून झाले, कुंद्याची चौकशी पाच मिनिटं चालली. तुम्ही पिशव्या वेगळ्या ठेवा.

तिथं पोचल्यावर रोल फ्रिजमध्ये ठेवले. वापरायच्या आधी दोन तास बाहेर काढायचा, नाहीतर गार रोलवर दमट हवेचं पाणी धरतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रोल विसरू नका.

आता रोल भरण्याबद्दल. हे मी शिकवायचं आणि मीच चुकायचं असं झालं. रोलचं टोक डाव्या बाजूच्या डबीतून ओढून उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत अडकवतात, झाकण लावतात, दोनदा खटका मारतात. खटका मारून दांडा ओढला की डावीकडची उलट गुंडाळायची बारकी मूठ फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर आत रोल सरकतच नाहीये. गोझोला जायच्या दिवशी फेरी पकडायच्या घाईत मी हे बघितलं नाही. चिर्केव्वाहून म्जारला फेरीला पंचवीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात बारा फोटो काढले. दिवसभर काढत राहिलो. संध्याकाळी आकडा सदतीस, अडतीस झाला, तेव्हा पोटात गोळा आला. सव्वीस वर्षं लग्नं केलेला माणूस, आणि टोक खाचेतून निसटलेलं. त्या रिकाम्या खटक्यांमध्ये आक्काचा समुद्रात पाय घातलेला फोटो होता. घरी येऊन मी जेवलो नाही. आक्का म्हणाली, "काय रडालास? उद्या परत घालते की पाय." दुसऱ्या दिवशी तिनं खरंच घातले, पण ओरडली नाही. पहिल्या दिवशी गार पाणी लागल्यावर ती "आई गं" म्हणून ओरडली होती, तो चेहरा गेला.

म्हणून रोल सावलीत भरा, बसून भरा, आणि मूठ फिरताना डोळ्यांनी बघा.

आता खरी गोष्ट, उजेडाची. माल्टा सगळं पिवळ्या चुनखडीच्या दगडाचं आहे. घरं, चर्च, कोट, रस्त्याकडेच्या गडग्यांपासून राजधानी व्हॅलेटाच्या तटापर्यंत एकच मधाचा रंग. आपल्याकडे खानापूरच्या वाटेवर लाल माती असते तसं तिथे पिवळं. त्यावर ऊन पडलं की डोळे मिटतात. पहिल्याच सकाळी आक्का खिडकीशी म्हणाली, "हे ऊन कुठलं रे? हळदीगत."

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बिचारा अडाणी असतो. समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरून तो मोजतो. पिवळी भिंत आणि चमकणारा समुद्र दाखवलात तर तो म्हणतो उजेड फार आहे, कमी करा. तुम्ही कमी करता. मग भिंत करडी येते आणि भिंतीपुढे उभी असलेली आपली सावळी माणसं कोळशासारखी येतात. परदेशात जाऊन आलेल्यांच्या अल्बममध्ये चेहरे काळे का असतात याचं उत्तर हेच, कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

उपाय सोपा. मोजायचं ते चेहऱ्यावर. के १००० मध्ये उजव्या बाजूला एक सुई असते, ती मधोमध आली की बरोबर. आक्काच्या अगदी जवळ जायचं, तिच्या गालानं सगळी चौकट भरायची, सुई मधोमध आणायची, मग मागे सरकून फोटो काढायचा. मागे आल्यावर सुई वर उडेल, तिच्याकडे बघायचं नाही. आपल्या बहुतेकांच्या गालाचा रंग मीटरच्या त्या मध्यम करड्याच्या जवळपास असतो, म्हणून आणखी काही दुरुस्ती लागत नाही. माणूस लांब असेल तर स्वतःचा तळहात त्याच उन्हात धरून मोजा आणि एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जादा द्या, कारण तळहात गालापेक्षा उजळ असतो. भिंतच मोजायची वेळ आली तर दीड ते दोन स्टॉप जादा. मीटर बंद पडला तरी अडत नाही. २०० चा रोल, लख्ख ऊन, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/११ आणि शटरचा वेग १/२५० सेकंद. पाठ करून ठेवा.

पुस्तकी नियमापेक्षा (लख्ख उन्हात एफ/१६) हे एक स्टॉप जास्त आहे, आणि ते मुद्दाम आहे. निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो. एक-दोन स्टॉप जास्त गेला तरी ती निमूट सहन करते. कमी झालेला मात्र चालत नाही, सावल्या चिखलासारख्या होतात आणि दाणे दिसतात. मोबाइलचं बरोबर उलटं असतं, तिथे जास्त उजेडानं आभाळ फाटतं. मोबाइलची सवय असलेल्या माणसाचा हात फिल्मवर घाबरून उजेड कमी करतो. ती भीती सोडा.

भर दुपारी काय करायचं? आपल्याकडे मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि लग्नं नेमकी तेव्हाच असतात. बारा अडतीसच्या मुहूर्ताला मांडवाबाहेर फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. माल्टा एवढं उत्तरेला आहे की तिथे सूर्य वर्षात कधीच माथ्यावर येत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तर भर मध्यान्हीलाही तो बराच कललेला असतो. त्यामुळे दुपारचे फोटो आपल्या दुपारइतके वाईट येत नाहीत. तरी सावलीच बरी.

फ्लॅशनं डोळ्यांतला काळोख भरून काढू म्हणाल तर या कॅमेऱ्यावर जमत नाही. फ्लॅश जास्तीत जास्त १/६० च्या वेगावर जुळतो, आणि २०० च्या रोलला लख्ख उन्हात १/६० ठेवलात तर ॲपर्चर एफ/२२ च्याही पलीकडे न्यावं लागतं. मी तो हिशेब बेळगावातच केला आणि फ्लॅश घरी ठेवला.

त्याऐवजी गल्ली शोधा. व्हॅलेटाच्या गल्ल्या आपल्या गणपत गल्लीपेक्षाही अरुंद आणि सरळ रेषेत आखलेल्या. एका बाजूच्या भिंतीवर ऊन असतं, दुसरी सावलीत. माणसाला सावलीच्या भिंतीशी उभं करा, तोंड उन्हाच्या भिंतीकडे. समोरची ती पिवळी भिंत म्हणजे स्टुडिओतला भला मोठा रिफ्लेक्टर. चेहऱ्यावर मऊ, उबदार उजेड पडतो, डोळ्यांत भिंतीचं प्रतिबिंब चमकतं, कोणी डोळे मिचकावत नाही. आमच्या शहापुरातल्या जुन्या वाड्याच्या चौकात चुना लावलेल्या भिंतीसमोर मी नवरीला असंच उभं करायचो. आक्का हिरव्या इरकलीत, लाल काठ, डोक्यावर पदर, मागे निळी लाकडी गॅलरी. या बंद लाकडी गॅलऱ्या तिथल्या घरांना जागोजाग असतात. सहा रोलांतला सगळ्यात चांगला फोटो तो. तिला बघून दोन म्हाताऱ्या बायका थांबल्या, साडीचा काठ चिमटीत धरून बघू लागल्या. भाषा एकमेकींची कळेना, पण सुताचं बोलणं झालं असावं.

भाषेवरून आठवलं. माल्टाची भाषा अरबीच्या कुळातली, लिहितात मात्र रोमन अक्षरांत, आणि पाट्या इंग्रजीतूनही. पाटीवर दोन भाषा बघून आम्हा बेळगावकरांना घरी आल्यासारखं वाटलं. फक्त तिथे पाटीला कोणी काळं फासत नाही.

रविवारी मार्सश्लोकला जा. कोळ्यांचं गाव, मासळीचा बाजार भरतो. लुत्झू नावाच्या होड्या पिवळ्या, लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्यांच्या, आणि प्रत्येकीच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले. बायकोनं बघताक्षणी सांगितलं, "दृष्ट लागू नये म्हणून." बरोबर होतं तिचं. आपल्या ट्रकांना लिंबू-मिरची, त्यांच्या होड्यांना डोळे. इथे लोक सगळं बंदर एका फोटोत मावतं का बघतात. मावतं, पण होड्या काड्यापेटीएवढ्या येतात. मी नातीला धक्क्यावर उकिडवं बसवलं आणि तिचा डोळा आणि होडीचा डोळा एका रेषेत येईपर्यंत सरकत राहिलो. मी पण उकिडवा. पोराचा फोटो पोराच्या उंचीवरून काढायचा. गुडघे दुखतात, त्याला इलाज नाही.

पाण्यासाठी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी मारणारा फिल्टर, नेला होता. के १००० च्या ५० च्या लेन्सला ४९ मिलिमीटरचा बसतो, साधा जुना चालतो. सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवून तो हळूहळू फिरवायचा. एका जागी पाण्यावरची चकाकी विझते आणि तळाचे दगड दिसू लागतात. कोमिनोच्या निळ्या उथळ पाण्यात, ज्याला ब्लू लगून म्हणतात, नात पोहताना तिचे पाय तळापर्यंत दिसले ते त्यामुळेच. पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो. होडीत बसलेले असाल तर १/२५० च्या खाली उतरू नका, नाहीतर डोलण्यानं फोटो हलतो. घरी आल्यावर ओलसर फडक्यानं कॅमेरा पुसा, खाऱ्या हवेनं लोखंडाचं काय होतं ते गोव्याला वरचेवर जाणाऱ्याला सांगायला नको.

फोटो काढणारा माणूस कुठल्याच फोटोत नसतो. लग्नात ठीक आहे, तो घरचा नसतो. इथे मी आजोबा आहे. के १००० ला टायमर नाही, म्हणजे कोणाच्या तरी हातात द्यावाच लागतो, आणि हल्लीच्या पोरांना फोकस म्हणजे काय ठाऊक नसतं. तेव्हा त्यांच्यावर काहीच सोपवू नका. आधी चेहऱ्यावर उजेड मोजून आकडे लावा. एफ/११ वर फोकस तीन मीटरवर ठेवला की साधारण सव्वादोन ते पावणेपाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. ज्या जागी फोटो काढणाऱ्यानं उभं राहायचं तिथे जमिनीवर चप्पल ठेवा. तिथून चार पावलांवर आपण सगळे. मग वाटसरूला म्हणा, चपलेवर उभे राहा आणि हे बटण दाबा. दोनदा दाबून घ्या, मधे दांडा ओढायला पुढे जावं लागतं तरी. अप्पर बॅराकाच्या बागेत एका जर्मन बाईंनी आमचा असा फोटो काढला. नेमकी तेव्हा दुपारी बाराची तोफ उडाली. पहिल्या फोटोत सगळे दचकलेले, दुसऱ्यात हसून वेडे झालेले. पहिला भिंतीवर लावलाय.

व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये कॅराव्हाजिओचं १६०८ मधलं मोठं चित्र आहे, योहानाच्या शिरच्छेदाचं. त्यानं सही केलेलं हे एकच चित्र. निम्म्याहून जास्त कॅनव्हास अंधारात ठेवलाय, उजेड फक्त माणसांवर. मी स्टुडिओत चार दिवे लावून जे करू बघायचो ते या माणसानं चारशे वर्षांपूर्वी केलेलं. फोटो काढला नाही. फ्लॅश तिथे चालत नाही, आणि चित्राचा फोटो काढून करायचं काय? एचपी५ मात्र चर्चच्या आतल्या मंद उजेडात कामाला आला. एफ/२, १/३०, खांबाला पाठ टेकून, श्वास सोडून खटका. बायको बाकावर बसलेली, हात मांडीवर. ती काय मागत होती ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पोर्ट्रा भरायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, शेवटचा अर्धा तास दगड नारिंगी होतो. त्या वेळी सगळ्यांना भूक लागलेली असते हा एक प्रश्न आहे. पास्तित्सी घेऊन द्या. बेकरीतल्या खारीसारखे पदर आणि आत वाटाण्याचं नाहीतर चीजचं सारण. खाता खाता फोटो चांगले येतात.

संपलेला रोल पूर्ण आत गुंडाळा, टोक बाहेर ठेवू नका. टोक बाहेर राहिलेला रोल नवा समजून परत भरणारे महाभाग मी पाहिलेत. डबीवर मार्करनं नंबर टाका. वही नातीकडे दिली होती, तिनं लिहिलं: "रोल ३. आजी. मासे. मासे. आत्याआजी. मांजर." पुढे फोटो ओळखायला यापेक्षा जास्त लागलं नाही.

काळा-पांढरा रोल मी न्हाणीघरातच धुतो. वीस अंशांचं पाणी लागतं, आणि गरिबांचं महाबळेश्वर म्हणवणाऱ्या आमच्या गावात हिवाळ्यात ते नळालाच येतं. रंगीत मात्र अडतीस अंशांवर, अर्धा-एक अंशही इकडेतिकडे न होऊ देता धुवावे लागतात, म्हणून ते मुंबईला पाठवतो. पाठवताना दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहा: निगेटिव्ह परत हव्यात, आणि रंगांची आपोआप दुरुस्ती करू नये. दुसरी गोष्ट मी लिहिली नव्हती. स्कॅन आले तेव्हा सगळं व्हॅलेटा सिमेंटचं झालेलं. यंत्राला वाटलं एवढा पिवळेपणा म्हणजे रोलचा दोष, त्यानं निळा घालून तो मारला. निगेटिव्ह शाबूत असल्यानं पुन्हा स्कॅन करून घेता आलं, पैसे मात्र दुसऱ्यांदा. नवे प्रिंट आक्काला दाखवले. चष्मा लावून तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हां. हळद."

निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून कागदी पाकिटात, आणि पाकिटं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. बेळगावचा पाऊस जूनला सुरू झाला की भिंतींना बुरशी येते, निगेटिव्हलाही येते, आणि ती निघत नाही. डब्यात निळ्या सिलिका जेलची पुडी टाका. दमट झाली की ती गुलाबी होते, तेव्हा दाणे तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. तो तवा नंतर भाकरीला वापरायचा नाही, त्या रंगात विषारी कोबाल्ट असतं. मी हे बायकोला तवा वापरून झाल्यावर सांगितलं.